परसातील केल : लागवड, काढणी व साठवण

भाजीपाला करणारा शेतकरी पहिला विचार जमिनीचा करतो, दुसरा बियाण्याचा करतो, आणि काढलेल्या मालाचे पुढे काय करावयाचे हा विचार बहुधा सर्वांच्या शेवटी करतो. गहू, तूर अथवा कांदा यांच्या बाबतीत हा क्रम एकवेळ चालून जातो; कारण ही पिके कणगीत किंवा चाळीत काही महिने थांबू शकतात. पालेभाजी मात्र थांबत नाही. सकाळी खुडलेले पान दुपारच्या उन्हात माना टाकते व दुसऱ्या दिवशी त्यास कोणी विचारीत नाही. यास्तव पालेभाजीच्या लागवडीत विचाराचा क्रम उलटा असला पाहिजे. आधी खाणारी तोंडे किती व टिकविण्याची सोय किती ते ठरवावे, मग रोपांची संख्या ठरवावी, आणि जागेचा विचार त्यानंतर करावा.

हे तत्त्व प्रस्तुत लेखात केल या पिकाच्या उदाहरणाने मांडावयाचे आहे. गेल्या दहापंधरा वर्षांत मुंबईच्या बाजारात ही भाजी दिसू लागली असून उपाहारगृहांतून व सुखवस्तू घरांतून तिला मागणी आहे. साहजिकच ठाणे, पालघर, रायगड इकडील बागायतदारांच्या मनात हे पीक घेऊन पाहावे असा विचार येतो. अशा बंधूंनी एकदम गुंठ्यांची भाषा न बोलता पहिल्या वर्षी परसातील एका वाफ्यावर अनुभव घ्यावा, असे आमचे मत आहे. स्थळ म्हणून मुंबई उपनगरातील सांताक्रूझ घेतले आहे. तेथे हवामान खात्याची वेधशाळा असल्याने उष्णता व पाऊस यांचे आकडे विश्वसनीय मिळतात, आणि तेथील हवा सबंध उत्तर कोकणच्या किनाऱ्यास थोड्याफार फरकाने लागू पडते.

पिकाची ओळख

केल म्हणजे गड्डा न धरणारा कोबी होय. कोबी, फुलकोबी, नवलकोल, ब्रोकोली व केल ही सर्व एकाच वनस्पतिजातीची भावंडे आहेत. मनुष्याने शेकडो वर्षे निवड करून एकात गड्डा वाढविला, दुसऱ्यात फूल वाढविले, तिसऱ्यात खोड फुगविले. केलमध्ये मात्र पानेच वाढू दिली. विदर्भात गड्ड्याच्या कोबीसच पानकोबी म्हणतात, म्हणून घोटाळा नको यासाठी येथे केल हेच नाव ठेविले आहे.

ही भाजी आपल्या देशास अगदीच परकी नाही. काश्मिरात 'हाख' या नावाने जी पालेभाजी घरोघर नित्य शिजते, ती याच वर्गातील होय. पोर्तुगालमध्येही बारीक चिरलेल्या केलचे सार हे सर्वसाधारण लोकांचे अन्न आहे. तिकडे या सर्व वर्गास 'कोव्ह' म्हणतात व आपला 'कोबी' हा शब्द त्यावरूनच आला असे मानले जाते. सांताक्रूझ हे नावही पोर्तुगीजच असून त्याचा अर्थ पवित्र क्रूस असा आहे. साष्टी बेट १५३४ पासून १७३७ पर्यंत पोर्तुगिजांच्या ताब्यात होते, त्या काळाची ही खूण होय.

केलचे मुख्य वाण तीन प्रकारचे आढळतात. पहिला कुरळ्या पानांचा. हा दिसण्यास सुरेख, परंतु त्याच्या चुण्यांत मावा व अळी दडून बसते आणि धुण्यास वेळ लागतो. दुसरा लांबट, गर्द हिरव्या व खरबरीत पानांचा लॅसिनॅटो, जो मूळचा इटलीतील तस्कनी प्रांताचा आहे. तिसरा सपाट, गुळगुळीत पानांचा. काश्मिरी हाख व पाश्चात्त्यांचे कोलार्ड यात मोडतात. किनाऱ्याच्या उबदार हवेत दुसरा व तिसरा प्रकार अधिक सोशीक ठरतो. नवख्याने कुरळ्या वाणाच्या रूपास भुलू नये.

सांताक्रूझची हवा व पिकाचा हंगाम

केल हे थंडीचे पीक आहे. १५ ते २५ अंश सेल्सिअस उष्णता त्यास उत्तम मानवते. थंड देशांत पानांवर एकदोन वेळा दहिवर गोठले की त्यांत साखरेचा अंश वाढून भाजी गोड होते असा अनुभव आहे. सांताक्रूझला हे सुख नाही. जानेवारी १९६२ मध्ये तेथे पारा ७.४ अंशांपर्यंत उतरला होता, परंतु तो अपवाद होय. सामान्यतः जानेवारीतील पहाटेची सरासरी १७ अंशांच्या आसपास असते व दुपारी पारा ३० च्या वर जातो. म्हणजे आपल्याकडे केल वाढेल, परंतु ती थोडी उग्र व जाड पानांची होईल. पान कोवळे असतानाच खुडणे हाच त्यावरील उपाय आहे.

पावसाळ्यात या पिकाचे नाव काढू नये. २६ जुलै २००५ रोजी याच सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, हे सर्वांस ठाऊक आहेच. तो प्रसंग बाजूस ठेविला तरी, नेहमीच्या पावसातही वाफ्यात पाणी साचून या वर्गाची मुळे कुजतात. मोसमी पावसाच्या मुंबईतील माघारीची सर्वसाधारण तारीख आता ८ ऑक्टोबर धरली जाते. त्यानंतर ऑक्टोबरचा उकाडा, आणि नोव्हेंबरच्या मध्यापासून रात्री निवू लागतात. मार्चच्या मध्यानंतर पुन्हा उष्णता चढते व पाने कडवट होतात. एकंदरीत पान खुडण्याचा खरा हंगाम डिसेंबरच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत, म्हणजे अवघे बारा आठवडे, इतकाच आहे. वर्षभर केल खाण्याची इच्छा धरणाऱ्याने सांताक्रूझमध्ये ती धरू नये. उन्हाळ्यात माठ, चवळई व अंबाडी, पावसाळ्यात अळू, टाकळा व शेवग्याचा पाला हीच तेथली खरी पालेभाजी होय. केलने थंडीतील जागा भरावी. इतरांची जागा बळकावू नये.

रोपांचा हिशेब

आता लेखाच्या मुख्य मुद्द्याकडे वळू. पाच माणसांचे कुटुंब आठवड्यातून दोन वेळा ही भाजी खाईल व प्रत्येक वेळी ४०० ग्रॅम निवडलेला पाला लागेल असे धरू. म्हणजे आठवड्यास ८०० ग्रॅम झाला. एक निकोप रोप ऐन वाढीत आठवड्यास तीनचार पाने, म्हणजे सुमारे ६० ग्रॅम पाला देते असे हिशेबासाठी धरावे. सोळा रोपे आठवड्यास ९६० ग्रॅम देतील. घरचा खर्च वजा जाता १६० ग्रॅम शिल्लक राहील व बारा आठवड्यांत ही शिल्लक दोन किलोच्या आत राहील. एवढीच शिल्लक घरात नीट टिकविता येते. सबब एका कुटुंबास सोळा रोपे पुरेत.

सोळा रोपांस दीड दीड फूट अंतराने दोन ओळींत लाविल्यास बारा फूट लांब व तीन फूट रुंद वाफा लागतो. तीन फुटांहून रुंद वाफा करू नये, कारण दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचला पाहिजे; वाफ्यात पाय ठेवून पाने खुडणे हे जमीन दाबणे होय.

आता हाच हिशेब गुंठ्यास लावून पाहावा. वाटा व पाट सोडून एका गुंठ्यात चारशे रोपे बसतात असे धरले, तर आठवड्यास २४ किलो पाला निघेल, व तो काढल्यापासून दोन दिवसांत गिऱ्हाइकाच्या घरी पडला पाहिजे. एवढे ठरलेले गिऱ्हाईक व सावलीतून, ओलाव्यातून माल नेण्याची सोय ज्यास आहे त्याने गुंठा करावा. ज्यास ती नाही त्याचे पीक उत्तम येऊनही पैसा होणार नाही. आणि उत्तम आलेले पीक बांधावर टाकावे लागणे यासारखे दुःख शेतकऱ्यास दुसरे नाही.

जमीन, पाणी व त्यांची स्वच्छता

या पिकास भुसभुशीत, निचऱ्याची व सेंद्रिय खताने युक्त अशी जमीन हवी. किनाऱ्यालगतच्या रेताड जमिनीत खत जास्त घालावे, आणि खाडीकडील चिकण जमिनीत वाफा नऊ इंच उंच करावा. वाफ्यास दहा किलो चांगले कुजलेले शेणखत अथवा पालापाचोळ्याचे खत व अर्धा ते पाऊण किलो निंबोळी पेंड लागवडीपूर्वी आठ दिवस मातीत मिसळावी. ज्या जागी आदल्या हंगामात कोबी, मुळा अथवा मोहरी होती तेथे केल लावू नये. एकाच कुळाचे रोग जमिनीत ठाण मांडून बसतात. पावसाळी काकडीवर्गीय वेल अथवा चवळी काढून रिकामी झालेली जागा उत्तम. ज्यांस जमीन नाही, अशांनी बारा इंच तोंडाच्या कुंडीत एक रोप लावावे. चार ते पाच तास ऊन मिळाल्यास गच्चीतही पीक येते.

जमीन व पाणी स्वच्छ असण्याविषयी येथे विशेष आग्रहाने लिहिणे भाग आहे. पालेभाजीत जे पाणी दिले तेच आपण खातो. मुंबईत रेल्वेच्या रुळांलगतच्या पट्ट्यांत 'अधिक धान्य पिकवा' योजनेखाली दीर्घकाळ पालक, माठ, मुळा आदी भाज्या होत आल्या, व तेथे नाल्याचे सांडपाणी वापरले जाते याबद्दल शहरवासीयांची तक्रारही तितकीच जुनी आहे. सांडपाण्यातील रोगजंतू शिजविल्याने मरतात, परंतु कारखान्यांच्या सांडपाण्यातील शिसे व कॅडमियम हे जड धातू शिजवून जात नाहीत. आणि पानाच्या भाज्या, त्यातही कोबीवर्गीय, हे धातू मातीतून सहज ओढून घेतात. म्हणून वाफा रहदारीच्या रस्त्यास लागून, जुन्या रंगविलेल्या भिंतीच्या पायथ्याशी अथवा भराव टाकलेल्या जागेवर करू नये. माती संशयास्पद असल्यास विटांचा वाफा बांधून त्यात बाहेरची चांगली माती भरावी. विहिरीचे पाणी खारट लागत असेल तर निदान रोपांस तरी ते देऊ नये. घरी पीक घेण्याचे खरे सार्थक याच गोष्टीत आहे. दोन पैसे वाचणे हा भाग गौण होय.

हिवाळ्यात दिवसास सरासरी ५ मिलिमीटर पाणी पुरे. म्हणजे या वाफ्यास रोज सुमारे १६ ते १७ लिटर, अथवा एक मोठी बादली. ते सकाळी मुळाशी द्यावे. रात्रभर पाने ओली राहिली की रोगास आमंत्रण मिळते. वाळलेल्या गवताचे अथवा भाताच्या पेंढ्याचे दोन इंच आच्छादन घातल्यास पाणी कमी लागते, व मुळाशी गारवा राहून पानही कोवळे राहते.

रोपे तयार करणे व लावणी

केलला फूल व बी येण्यास दीर्घ थंडी लागते. सांताक्रूझच्या हिवाळ्यात ती मिळत नाही, म्हणून घरचे बी धरता येत नाही. ते विकतच घ्यावे लागते. एका ग्रॅममध्ये सुमारे तीनशे बी असते व आपल्यास लागते चाळीस. उरलेले बी कोरड्या बरणीत घट्ट झाकून थंड जागी ठेवल्यास तीन वर्षे कामास येते. बियांतून पसरणाऱ्या काळ्या कुजीचा, म्हणजे घाण्या रोगाचा, बंदोबस्त करण्यास बी ५० अंश उष्ण पाण्यात वीस मिनिटे ठेवून नंतर थंड पाण्यात बुडवावे व सावलीत सुकवावे. पाणी मोजण्यास उष्णतामापक हवाच. अंदाजाने केल्यास बीच शिजते.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस मागे सरताना, छपराखाली अथवा पडवीच्या कडेस खोक्यात वीस बिया अर्धा इंच खोल टाकाव्यात. चार ते सात दिवसांत त्या उगवतात. माती सदा चिखल राहू देऊ नये. नाहीतर रोपे बुंध्याशी कोलमडतात. उरलेल्या वीस बिया तीन ते चार आठवड्यांनी टाकाव्यात, म्हणजे पहिली रोपे जून होत असता दुसरी भर घालतील. पहिल्या खेपेची आठ व दुसऱ्या खेपेची आठ अशी सोळा रोपे घ्यावीत. राहिलेली शेजाऱ्यास द्यावीत, वाफ्यात कोंबू नयेत.

रोप चारपाच आठवड्यांचे, चारपाच खऱ्या पानांचे झाले म्हणजे संध्याकाळी लावावे. पहिल्या पानांच्या देठापर्यंत ते मातीत बसवावे व दोनतीन दिवस केळीच्या सोपटाने अथवा माडाच्या झावळीने सावली करावी. पुढे दर तीन आठवड्यांनी प्रत्येक रोपास दोन मुठी गांडूळखत अथवा पातळ केलेली शेणाची स्लरी द्यावी. नत्राचा अतिरेक करू नये. पान लुसलुशीत दिसते, पण मावा त्यावर तुटून पडतो.

कीड व रोग

चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची हिरवी अळी हा या पिकाचा मुख्य शत्रू. ती पानाच्या खालच्या अंगास बसून चाळणी करते. मोठ्या क्षेत्रात कोबीच्या पंचवीस ओळींनंतर मोहरीच्या दोन ओळी पेरण्याची शिफारस आहे. पतंग मोहरीवर अंडी घालणे पसंत करतो व मुख्य पीक वाचते. घरच्या वाफ्यास यापेक्षाही सोपा उपाय म्हणजे बांबूच्या कमानीवर जुनी मच्छरदाणी ताणून तिच्या कडा मातीत दाबणे. पतंगच आत गेला नाही तर अळी कोठून येणार ? तरीही दर तिसऱ्या दिवशी सकाळी पाने उलटून पाहावीत व अळ्या वेचाव्यात. सोळा रोपांस पाच मिनिटे लागतात.

मावा दिसल्यास प्रथम पाण्याच्या जोरदार धारेने झाडावा. ढालकिडे दिसत असल्यास ते मावा खातात, त्यांस मारू नये. एवढ्याने भागले नाही तर पाच टक्के निंबोळी अर्क फवारावा : ५० ग्रॅम निंबोळीची भरड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, त्यात चिमूटभर साबण घालावा. फवारणीनंतर तीन दिवस पाने काढू नयेत. ज्या पानाच्या कडेपासून आत इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखा पिवळा डाग पडून शिरा काळ्या होतात, तो घाण्या रोग समजावा. असे पान नव्हे तर सबंध रोपच उपटून वाफ्याबाहेर न्यावे. खाण्याच्या पानावर विषारी औषध मारणे हे घरच्या वाफ्यात तर सर्वथा वर्ज्य समजावे.

काढणी

लावणीनंतर पाचसहा आठवड्यांनी रोपास आठदहा पाने झाली की काढणी सुरू करावी. नियम एकच आहे : खालून घ्यावे, वरचे राखावे. सर्वांत खालची, तळहाताएवढी झालेली दोनतीन पाने देठाशी खाली मुरडून काढावीत. वरची निदान पाच पाने व मधला कोंब यांस हात लावू नये. पान हेच रोपाचे स्वयंपाकघर आहे; तेच लुटले तर रोप उपाशी राहते. उलटपक्षी दयाबुद्धीने पाने न काढणेही चूक होय. खालची पाने पिवळी पडून फुकट जातात, त्यांच्यात कीड राहते, व चिवट पान खाण्यालायक राहत नाही. म्हणून गरज असो वा नसो, ठरलेल्या दिवशी पाने काढावीत. आठवड्यातून दोन वार नेमून टाकणे सर्वांत सोयीचे.

काढणी सूर्य वर येण्यापूर्वी करावी. रात्रीच्या गारव्याने पान पाण्याने भरलेले असते. तेच पान दुपारी दोनला काढले तर उन्हाची धग सोबत घेऊन घरात येते व त्याचे आयुष्य निम्मे होते. खुडलेली पाने टोपलीत ओल्या फडक्याखाली ठेवावीत. मार्चच्या मध्यास, पाने कडवट लागू लागताच, मधल्या कोंबासह सर्व पीक एकदम काढावे व खोड चिरून खताच्या खड्ड्यात टाकावे. उन्हाळ्यात ते जगवीत बसणे म्हणजे किडीस घर बांधून देणे होय.

साठवण

ताजे पान टिकविण्याचे मर्म गारवा व ओलावा यांत आहे. शून्य अंशाजवळ व भरपूर दमट हवेत केलची पाने दहा ते चौदा दिवस चांगली राहतात. घरच्या शीतकपाटात खालच्या भाजीच्या खणात, किंचित ओलसर कापडी पिशवीत गुंडाळून ठेवल्यास आठवडाभर निर्धास्त राहावे. धुतलेले पान ठेवावयाचे असल्यास पाणी पूर्ण निथळू द्यावे. पानावर पाणी साचले की ते चिकट होऊन कुजते. पिकलेली केळी, आंबे अथवा टोमॅटो यांच्या शेजारी पाला ठेवू नये. पिकत्या फळांतून निघणाऱ्या वायूने पाने पिवळी पडतात. शीतकपाट नसल्यास देठ पाण्यात बुडवून, वर ओले फडके टाकून, माठाशेजारी ठेवावे; एक दिवस निभावतो.

ऐन जानेवारीत जी शिल्लक पडते ती टिकविण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला गोठविण्याचा. जाड शिरा काढून पाने चिरावीत. अर्धा किलो पाल्यास चारपाच लिटर पाणी खळखळ उकळवून त्यात पाला दोन मिनिटे बुडवावा, लागलीच काढून बर्फाच्या पाण्यात टाकावा व घट्ट पिळून एका वेळच्या भाजीपुरते लहान गोळे करून पिशव्यांत बंद करावेत. उकळीचा हा संस्कार टाळू नये. तो न केल्यास पानातील पाचक द्रव्ये गोठलेल्या स्थितीतही आपले काम चालू ठेवतात व रंग, चव, सत्त्व तिन्ही जातात. उणे १८ अंशांत असा पाला आठ ते दहा महिने टिकतो. वीज जाऊन गोळे वितळले तर त्याच दिवशी शिजवावेत, पुन्हा गोठवू नयेत.

दुसरा मार्ग वाळविण्याचा. हा आपल्या अंगवळणी पडलेला आहे. काश्मिरी गृहिणी बर्फाच्या दिवसांसाठी भाज्या वाळवून ठेवतात, तर कोकणात आगोटीपूर्वी पावसाळ्याची बेगमी होते. हेतू एकच, ऋतू मात्र उलटे. केलच्या बाबतीत लक्षात ठेवावयाचे ते हे की, हे काम मेमध्ये नव्हे तर जानेवारी-फेब्रुवारीत, हवा कोरडी असताना उरकावयाचे आहे. वरीलप्रमाणे उकळीत बुडवून निथळलेली पाने पातळ कापडावर एकाच थरात पसरून वर दुसरे कापड घालावे व वारा खेळता असलेल्या सावलीच्या जागी ठेवावीत. उघड्या उन्हात पान लवकर वाळते खरे, पण त्याचा हिरवेपणा व त्यातील जीवनसत्त्वांचा मोठा अंश उन्हात जळतो. पान बोटांत चुरले असता कुरकुरून त्याचा भुगा झाला पाहिजे. वाकले तर ते अजून ओले आहे असे समजावे. ताज्या पानात पाण्याचा अंश शेकडा ८५ च्या आसपास असल्याने एक किलोपासून दीडशे ग्रॅमच्या आसपास वाळवण मिळते. ते काचेच्या बरणीत भरून आठ दिवसांनी उघडून पाहावे. काचेवर दव अथवा वासात कोंदटपणा आढळल्यास पुन्हा वाळवावे. पावसाळ्यात मोठी बरणी वारंवार उघडू नये; आठवड्यापुरता पाला लहान डब्यात काढून घ्यावा. हा चुरा थालीपिठात, आमटीत अथवा पिठल्यात घालावा.

आहारातील योग्यता

केलमध्ये क जीवनसत्त्व व चुना भरपूर आहे. पालकातही चुना असतो, परंतु त्यातील ऑक्झॅलेट त्यास बांधून ठेवते व शरीरास त्याचा लाभ थोडा होतो. केलमध्ये हे द्रव्य फार कमी असल्याने चुना अंगी लागतो. वाढत्या मुलांस व बाळंतिणीस हा गुण मोलाचा आहे. मात्र या पाल्यात के जीवनसत्त्वही पुष्कळ असते. रक्त गोठू नये म्हणून वॉरफरिनसारखे औषध घेणाऱ्यांनी वैद्याच्या सल्ल्याशिवाय आहारातील याचे प्रमाण एकाएकी वाढवू वा घटवू नये.

सारांश

लागवडीपूर्वी वहीत पुढील पाच नोंदी कराव्यात : घरात ही भाजी आठवड्यास किती खपेल, ती कोणत्या दोन वारी काढावयाची, शिल्लक राहिल्यास गोठवावयाची की वाळवावयाची, त्यासाठी बरण्या अथवा जागा आहे काय, आणि पाणी कोठून येणार. या पाचांची उत्तरे मिळाली म्हणजे रोपांची संख्या आपोआप निघते. हंगाम चालू असता प्रत्येक काढणीचे वजन व फुकट गेलेल्या पाल्याचे वजन त्याच वहीत मांडावे. मार्चअखेर या दोन आकड्यांची बेरीज पाहून फुकट गेलेला भाग शेकडा दहाच्या आत असेल, तर पुढील वर्षी वाफा वाढविण्यास हरकत नाही. तो अधिक असेल, तर वाफा वाढवू नये, काढणी सुधारावी. वाढीव जमीन आपल्या हाती असते, तशी वाढीव भूक आपल्या हाती नसते, हे पालेभाजीच्या धंद्यात उतरू पाहणाऱ्या प्रत्येक बागायतदाराने ध्यानात ठेवावे.